पाकिटातला काळा

२ जून

भुरीताई,

तुझं पत्र हातात पडलं. वाटलं, बाबांचं काहीतरी झालं. उघडतो तर आत दोन ओळी. केसांचा जुना रंग घरच्या घरी, केस खराब न होता कसा काढायचा ते लगेच कळव. खाली सही. ना कसा आहेस, ना जेवतोस का. मी शाळेत दोन ओळींचा निबंध लिहायचो तेव्हा तू माझा कान पिळायचीस. तुझा कान कोण पिळणार?

पण खरं सांगू, मजा वाटली. घरात मी म्हणजे दोनदा नापास, कुठेच बूड न टेकणारा भिंगऱ्या. आणि आता शिकलेली ताई मला विचारतेय. विचार, विचार.

गॅरेज सोडलं ते मी तुला कळवलं नव्हतं, तरी कुणीतरी सांगितलंच म्हणायचं. त्याच्या आधी थिएटरवर होतो, तेही सोडलं. हो, आता बायकांच्या केसांच्या दुकानात आहे. हसलीस ना? आधी नुसते फरशीवरचे केस झाडायचो. मग डोकी धुवायला दिली. आता रंग मी कालवतो. मालक म्हणतात, तुझा हात हलका आहे, असाच टिकलास तर कात्री देतो आणि वर स्वतःची खुर्ची. मोठ्या आरशापुढची खुर्ची गं, खाली पायाने दाबलं की वर जाणारी! मी दुकान बंद करताना रोज एकदा तिच्यावर बसून बघतो.

तर ऐक. लोक भुरी भुरी म्हणून चिडवायचे म्हणून तू कॉलेजपासून तो पाकिटातला काळा थापतेयस. थरावर थर बसलेत. असला रंग एका दमात निघत नाही. कोंड्यावरचा शाम्पू आण, चांगला फेस होणारा. औषधाच्या दुकानात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मिळतात, त्या कुटून बारीक कर आणि शाम्पूत कालव, दाट लेप होईल एवढं. केस आधी ओले कर. लेप लाव, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांध, बाबांचं जेवण आटपेपर्यंत राहू दे, मग कोमट पाण्याने धू. पाणी चहासारखं दिसलं तर समज काम होतंय. नंतर कंडिशनर लाव, त्यात कंजूषपणा नको, कारण हे सगळं केस कोरडे करतं. मधले दिवस तेल लावून ठेव, तेलानेही थोडा सुटतो. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. आणि सगळ्या डोक्याला लावायच्या आधी कानामागची एक बट घेऊन करून बघ.

एक मात्र कधी करायचं नाही. बाजारात रंग उडवायची पांढरी पावडर मिळते आणि तिच्याबरोबर कालवायचं पाणी. ती पाकिटातल्या काळ्यावर लावायची नाही म्हणजे नाही. त्या स्वस्त काळ्यात कसलंतरी धातूचं मीठ असतं म्हणे. आमच्याकडे एक बाई आली होती, कुठेतरी मास्तरीण होती. तिने सांगितलंच नाही की घरी पाकीट लावते. तेव्हा रंग लावायला होता त्या पोराने पावडर लावली आणि डोकं तापायला लागलं ना! हात लावला तर चटका. वाफ निघत होती. धुवायला घेतलं तर केस भिजलेल्या रबरासारखे लांब होऊन तुटले, आणि बाई आरशात बघत बसलेली. त्या पोराला मालकांनी त्याच दिवशी काढलं, त्याच्याच जागी मी आलो.

पण एकदम हे खूळ कुठून? कोण भेटलाय? नाव कळव, माणूस मी तपासून देतो. शेजारच्या मावशीला विचार, तिच्या धुलाईच्या दुकानातल्या वाफेत राहून तिचेही केस कुरळे झालेत का. बाबांची उजवी बाजू काही हलते का?

तुझा
भिंगऱ्या


१७ जून

भिंगऱ्या,

कान माझा कुणी पिळायला नको, आपोआप पिळला जातोय. बाबांची उजवी बाजू हलत नाही. हे तू दर पत्रात विचारतोस, जणू तू विचारलंस की ती हलेल. पाठीला एक जखम झाली होती ती भरतेय. दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, त्यात ते आता डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवतात, सोडत नाहीत. जेवण म्हणजे पातळ भात, तोही अर्धा माझ्या अंगावर.

तू सांगितलंस ते केलं. कानामागची बट आधी. मग सगळं. पहिल्यांदा पाणी तपकिरी आलं, दुसऱ्यांदा गढूळ, तिसऱ्यांदा मावशी म्हणाली, अगं, तुझे केस दिसायला लागले! वरचा अर्धा भाग खरंच भुरा झालाय. मी विसरले होते रे हा रंग. चाळीशीला आलेल्या बाईने मोरीच्या आरशापुढे उभं राहून आपल्याच केसांकडे बघत हसावं, म्हणजे कमाल आहे. पण शेंडे अजून हट्टी आहेत, काळेही नाहीत, हिरवट दिसतात, तळ्यावरच्या शेवाळासारखे.

कोण भेटलाय विचारतोस. एक बाई भेटल्या. समुद्राकडच्या गावी मोठं हॉटेल निघालंय. दारातून आत आलं की समोर जे टेबल असतं, तिथे बसायला माणसं हवीत. मी अर्ज केला होता, कुणाला न सांगता. बाईंनी सगळं विचारलं, माझं बोलणं त्यांना आवडलं. मग म्हणाल्या, बाकी ठीक आहे, पण समोर बसणाऱ्या बाईच्या डोक्याला तीन रंग नकोत. रंग काढून, आपल्या केसांत या, पाच जुलैला पुन्हा बघते. राहायला खोली देतात. खिडकी आहे म्हणाल्या.

आता नीट वाच. मी विनंती करत नाहीये. तू तीन महिन्यांसाठी म्हणून गेलास त्याला चौथं वर्ष लागलं. पाच तारखेला होकार आला तर आठला मी निघणार. बाबा तुझे. त्यांच्या औषधांची वेळ भिंतीवर लिहून ठेवते. किल्ली मावशीकडे. तू आलास तर घरात तू असशील, नाही आलास तर बाबा एकटे असतील. मी वळून बघणार नाही. तुझ्या त्या वर जाणाऱ्या खुर्चीवर बसून तू हे वाचत असशील तर उतर खाली.

मावशीला सांगितलं. म्हणाली, जा बाई, जा, किती दिवस सडशील. पण ताटावरून तशीच उठली. दोन्ही वेळचं आमच्यातच जेवते ना ती, आता एकटीसाठी चूल पेटवणं तिच्या जिवावर येणार.

शेंड्यांचं काय करू? एवढं पुरे, की आणखी काही आहे?

ताई


२२ जून

प्रिय ताई,

पत्र वाचून नाचलो. खोलीतला बेकरीवाला झोपला होता, तो उठून शिव्या द्यायला लागला. समुद्राकडचं हॉटेल! समोरचं टेबल! आणि आम्ही तुला मोरीतच ठेवली एवढी वर्षं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, मला एक शब्द उलट बोलायचा नाही. लगेच मालकांना जाऊन सांगितलं की मी नोकरी सोडतोय, बहिणीचं काम होतंय. मालक म्हणाले, जा बाबा, असा भाऊ नशिबाने मिळतो. सातला मी घरात असेन. बाबांना मी कडेवर घेऊन फिरवीन.

आता शेंडे. त्या लेपाने ते निघायचे नाहीत, सहा महिने घासलेस तरी. बाईंना शेवाळ दिसलं की संपलं. म्हणून सोबत एक डबा आणि एक बाटली पाठवतोय. पांढरी पावडर बघून घाबरू नकोस. मी जिच्याबद्दल लिहिलं होतं ती बाजारातली, हलकी. ही आमच्या मालकांची खास, परदेशी आहे, जुन्या काळ्यावरच चालते. भारी भारी बायका रांग लावतात हिच्यासाठी.

बाटलीतलं सगळं पाणी पावडरीत ओत. मावशीकडून लावून घे, मागचं तुला दिसणार नाही. नुसत्या शेंड्यांना नको, मुळापासून लाव, नाहीतर पुन्हा दोन रंग. पिशवी घट्ट. गरम लागेल, चुरचुरेल, ते औषध लागू पडल्याचं लक्षण. काही झालं तरी मध्येच धुवायचं नाही, अर्धवट राहिलं तर केसांवर पट्टे येतात. बट बिट करून बघण्यात घालवू नकोस, एका डोक्यापुरतंच आहे. आणि आदल्या दिवशी कर, चार तारखेला, म्हणजे चमक ताजी राहील.

पत्र मात्र फाडून टाक. मालकांना न विचारता डबा उचललाय, कळलं तर माझी नोकरी जाईल.

बाईंना माझा नमस्कार सांग. तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो का ते मला बघायचंय.

तुझा लाडका
भिंगऱ्या


९ जुलै

भिंगऱ्या,

सातला आला नाहीस, कुठेतरी अडकला असशील. अजून गाडीत बसला नसशील तर बसू नकोस. काम झालं नाही.

चारला दुपारी लावलं. तू सांगितलं तसं, बाबांना झोपवून. मावशी मागे उभी. पहिल्यांदा नुसतं कोमट, छान वाटलं. मग तापायला लागलं. मी म्हटलं, मावशी, भाजतंय. ती म्हणाली, सोस थोडं, त्याने लिहिलंय ना चुरचुरेल म्हणून. मीही दात आवळून बसले. पट्टे आले तर बाई काय म्हणतील हेच डोक्यात. मग पिशवीतून वाफ आली. कपाळावरून काहीतरी ओघळलं, मला वाटलं घाम. मी ओरडले तेव्हा मावशीने गाठ सोडली. पिशवीबरोबर केस आले. बाकीचे पाण्याखाली ताणले जाऊन तुटले, तू त्या मास्तरणीचं लिहिलं होतंस अगदी तसे. टाळूवर फोड आलेत. डावीकडे कानाच्या वर तर काहीच उरलं नाही.

तरी गेले मी. डोक्याला रुमाल बांधून. बाई हसून म्हणाल्या, बघू तर तुमचा खरा रंग. मी म्हटलं, आज नको. त्या म्हणाल्या, रुमाल काढा. काढला. त्या उठून उभ्याच राहिल्या रे. मला पाणी दिलं. एवढ्या चांगल्या वागल्या की तिथेच मरावंसं वाटलं. बाहेर बाकावर दुसरी एक मुलगी बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन स्वतःच्या वेणीला हात लावला. तिलाच घेतलं असणार.

घरी आले तर बाबांनी बघितलं. हसले की रडले कळलं नाही, त्यांचं तोंड हल्ली दोन्हीला सारखंच वाकडं होतं.

तुझी पावडर चांगलीच असणार. तू लिहिलेल्या पहिल्या लेपाने किती छान उतरला होता रंग. वाट लावली ती मावशीने. विचारलं तर म्हणते, बाटली सगळी ओतली. सगळी? एका डोक्याला? तू काही सगळी म्हणाला नसशील. पत्र मी फाडून टाकलंय, तूच सांगितलंस म्हणून, नाहीतर तिच्या तोंडावर मारलं असतं. मी तिला दार बंद केलंय. पाच दिवस झाले, कडी वाजवते आणि जाते. माझ्यापेक्षा तुझा तिला धाक आहे. तू लिही तिला. चांगलं खरमरीत लिही. माझ्याच्याने शब्द निघत नाहीत.

आणि तू नोकरी सोडून बसलास माझ्यापायी. त्याचं मला जास्त लागलंय. जमलं तर मालकांचे पाय धर.

भुरी म्हणू नकोस आता. भुरं काही उरलं नाही.

ताई


१४ जुलै

प्रिय ताई,

रडू नकोस. केस म्हणजे गवत, पुन्हा येतं. फोडांना हात लावू नकोस, डॉक्टरला दाखव, साबण बंद, उन्हात डोकं झाकून जा. उरलेत तेवढे कापून टाक, सगळे एका उंचीचे येतील. तुझं डोकं मुळात गोल आहे, वाईट दिसणार नाही. माझ्या अनुभवाचं सांगतो.

माझी काळजी करू नकोस. मालकांनी पहिल्या तारखेलाच मला खुर्ची दिली. निदान घरातल्या एकाचं तरी बरं झालं म्हणायचं. हॉटेलचं मनाला लावून घेऊ नकोस, समोर बसून दिवसभर अनोळखी लोकांना हसून दाखवायचं, ते तुझ्या स्वभावाला नव्हतंच. बाबांना तुझ्या हातची सवय आहे. माझ्या हातचं ते जेवलेही नसते.

मावशीला आजच वेगळं पत्र टाकतोय. तिला चांगला धडा देतो.

भिंगऱ्या


१४ जुलै

मावशी,

डोळे कुठे गहाण टाकले होतेस? ताईने सगळं लिहिलंय. आयुष्यभर लोकांचे कपडे उकळलेस म्हणून काय माणसाचं डोकंही उकळायला घेतलंस? मी स्वच्छ लिहिलं होतं काय करायचं ते. पोर ओरडतेय आणि तू सोस म्हणतेस? तुला स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं भाजणं म्हणजे काय. नव्हतं, तेच बरं झालं.

तिचं जन्मात एकदा काही चांगलं होणार होतं, तेही तू होऊ दिलं नाहीस. आमच्या ताटात जेवलीस आणि आमच्याच घरावर पाणी ओतलंस. पुन्हा आमच्या दाराची कडी वाजवलीस तर माझ्याशी गाठ आहे. मी लांब आहे म्हणून वाचलीस.

पत्र ताईलाही दाखव. तिच्यासमोर वाच, म्हणजे लाज वाटेल.


२३ जुलै

बाळ भिंगऱ्या,

तुझं पत्र पोचलं. तू सांगितलंस तसं तिच्यासमोरच वाचलं. म्हणजे दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि बाहेर पायरीवर बसले. वाचून तिने कडी काढली. माझ्या पोटी पोर नाही यावरून तू जे लिहिलंस, ते तिला सोसवलं नाही. म्हणाली, मावशी, तो तापट आहे, त्याच्या तोंडाला हाड नाही, तू मनावर घेऊ नकोस. वर माझीच माफी मागितली तिने. मग आम्ही दोघी जेवलो. तेव्हा तुझे उपकारच म्हणायचे.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय, चौथीपर्यंतचं अक्षर आहे, पण दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

डबा आला त्या दिवशी तुझं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती आनंदात होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. मला आलं. नोकरी सोडली म्हणतोस, आणि शेवटी लिहितोस नोकरी जाईल. सोडलेली नोकरी कशी जाते रे? तू लहानपणी माझ्या दुकानातून बटणं पळवायचास तेव्हाही असंच बोलायचास, एका दमात दोन गोष्टी. आणि डब्याचं झाकण उघडलं तेव्हा वासच आला. कपड्यांवरचे डाग उडवायच्या पाण्याचा तो वास मी दुकानात रोज हुंगते. रंगीत कापडावर त्या पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

तरी चार तारखेला मी बाटली उचलली. ती आरशात बघून विचारत होती, मावशी, समुद्राकाठी वारा असतो, केस बांधायचे की मोकळे सोडायचे? मी म्हटलं, बांधूनच जा. आणि ओतली, सगळी. ती ओरडली तेव्हा मी गाठीला हात लावला, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

मला एकटीला जेवता येत नाही रे. नवरा गेल्यावर चार वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवले. तुझ्या बाबांना ते अंथरुणाला खिळल्यापासून मीही वळवते, पण ते माझं मनगट धरत नाहीत.

ती बरी आहे. फोड सुकले. आरसा तिने काढून ठेवलाय, बाबांच्या खाटेमागे, भिंतीकडे तोंड करून. बाहेर जात नाही, भाजी मी आणते. तुझं नाव घेते, म्हणते भिंगऱ्याने माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं होतं. मी हो म्हणते. दिवाणखान्यात तुझा फोटो लावायचं म्हणतेय ती.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. रागवायला तोंड आहे कुठे मला? तू तिथे सुखात राहा, तुझ्या खुर्चीवर बस. पत्र पाठवत जा, तिला बरं वाटतं. पण येऊ नकोस. तू घरात दिसलास, तर ती पुन्हा जायचं बघेल.

मावशी